कुंचला, श्वास आणि आजारी सोबती : कॅम्पसवरची पहिली कार्यशाळा घेताना

‘बौद्ध कला, ध्यान आणि सामुदायिक आरोग्य’ अशा नावाच्या कार्यशाळेची जबाबदारी अंगावर पडली की नवा माणूस लगेच वेळापत्रक आखायला बसतो. पहिल्या तासाला चित्रं, दुसऱ्याला ध्यान, तिसऱ्याला एखाद्या डॉक्टरांचं व्याख्यान. म्हणजे तीन निरनिराळे कार्यक्रम एकाच पोस्टरवर. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. चित्रं बरी झाली, ध्यानात निम्मे पेंगले आणि व्याख्यान संपेपर्यंत मागच्या तीन रांगा उठून गेल्या होत्या. घरी जाताना एका मुलीने विचारलं, “मॅडम, या तिन्हीचा एकमेकांशी संबंध काय होता?” मला सांगता आलं नाही.

आता मी कार्यशाळा उलटी आखते. आधी आरोग्याचा भाग, मग ध्यान, सगळ्यात शेवटी कला. घेताना मात्र क्रम बरोबर उलट. का, ते पुढे येईलच.

पायरी पहिली : मुळातली गोष्ट वाचा

विनयपिटक म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ; त्यातल्या महावग्ग या भागात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा आजार झालेला असतो आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून असतो. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद विहारात फेरी मारताना तिथे पोचतात. “तुझी सेवा करायला कुणी नाही का?” “नाही.” “का नाही?” त्यावर तो म्हणतो, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. मग आनंद पाणी आणतो, बुद्ध पाणी ओततात, आनंद त्याचं अंग धुतो. एक जण डोक्याकडून, एक जण पायांकडून धरून त्याला उचलतात आणि मंचकावर निजवतात. त्यानंतर बुद्ध सगळ्यांना एकत्र बोलावून सांगतात की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाहीत तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी.

ही गोष्ट वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घर सोडून आलेली तरुण माणसं, एका छताखाली, आणि खोलीत तापाने पडलेला एक जण, ज्याच्याकडे दोन दिवस कुणी डोकावलेलं नाही. ‘सामुदायिक आरोग्य’ या जड शब्दाचा अर्थ इथे एवढाच. आपल्या कार्यशाळेचा कणाही हाच.

विद्यार्थ्यांनी असं काम करण्याला इतिहासही आहे. श्रीलंकेत ए. टी. आरियरत्ने या शाळाशिक्षकांनी 1958 साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका दुर्लक्षित खेड्यात श्रमदान केलं, त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ उभी राहिली. 1960च्या दशकात, युद्ध चालू असताना, व्हिएतनाममध्ये तिक न्यात हान या बौद्ध भिक्खूंनी तरुणांची समाजसेवा शाळा काढली. ती मुलं खेड्यांत जाऊन शाळा, दवाखाने, उद्ध्वस्त घरं उभी करत. ध्यान हा त्यांच्या कामाचाच भाग होता, कामातून घेतलेली सुट्टी नव्हे. सुरुवातीच्या बोलण्यात ही दोन उदाहरणं द्या, पण पाच मिनिटांच्या वर जाऊ नका.

पायरी दुसरी : परवानगी, पोस्टर आणि दोन प्रामाणिक वाक्यं

संस्थेची परवानगी लेखी घ्या. त्याच अर्जात कॅम्पसवरच्या समुपदेशकांना त्या दिवशी उपलब्ध राहण्याची विनंती करा. प्रत्यक्ष हॉलमध्ये नको, पण फोन केला तर उचलतील इतपत. समुपदेशक नसतील तर जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि आपत्कालीन सेवेचा नंबर स्वयंसेवकांच्या खिशात हवा.

पोस्टरवर दोन गोष्टी स्पष्ट लिहा. एक, या कृतींचा उगम बौद्ध परंपरेत आहे. दोन, सहभाग ऐच्छिक आहे, कुणाला कसलीही प्रार्थना म्हणावी लागणार नाही आणि कुठल्याही क्षणी उठून जाता येईल. पहिलं वाक्य गाळण्याचा मोह होतो, ‘सगळ्यांना चालावं’ म्हणून. गाळू नका. दुसऱ्याच्या घरातून आणलेली वस्तू कुणाकडून आणली ते सांगायला लाज कसली? आणि हजर असलेल्यांत बौद्ध घरातली मुलं असतील तर आपलीच परंपरा नाव पुसून समोर ठेवलेली पाहून त्यांना काय वाटेल, याचाही विचार करा. मात्र त्यांनाच उभं करून “तुम्ही सांगा ना, बौद्ध धर्मात काय असतं” असंही विचारू नका. ती शिकायला आलेली आहेत.

बुद्धमूर्ती सजावट म्हणून ठेवू नका. ठेवायचीच असेल तर उंचावर, स्वच्छ जागी ठेवा; चपलांच्या रांगेशेजारी किंवा चित्रांच्या फडक्यांवर दाब म्हणून नको. (हे मी पाहिलेलं आहे.)

‘तणावातून कायमची मुक्ती’ हे शब्द पोस्टरवर नकोत. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला सजगतेचा अभ्यासक्रमसुद्धा आठ आठवड्यांचा असतो, आणि वर रोजचा घरचा सराव वेगळा. तुमच्याकडे तीन तास आहेत. तेवढ्यात ओळख होते, एवढंच लिहा.

पायरी तिसरी : माणसं, जागा, सामान

पहिल्यांदा घेताय तर 20 ते 25 जण पुरेत. दर सहा-सात जणांमागे एक स्वयंसेवक. त्यातला एक असा हवा ज्याला दुसरं काहीच काम नाही. तो दारापाशी बसेल आणि कुणी अस्वस्थ होऊन बाहेर पडलं तर पाठोपाठ जाईल. हा माणूस ऐनवेळी फोटो काढायला पळवला जातो. पळवू देऊ नका. फोटोंचं म्हणाल तर ध्यानाच्या आणि बोलण्याच्या वेळी ते काढायचेच नाहीत.

मोठं सभागृह टाळा. स्थिर खुर्च्यांच्या रांगा असलेल्या जागेत ना चित्र काढता येतं, ना चालता येतं. फरशीची मोकळी खोली, सतरंज्या, आणि भिंतीकडेने सात-आठ खुर्च्या. खुर्च्या आधीच मांडून ठेवा. मागून घ्यायला लागल्या तर गुडघे दुखणारा माणूस मागत नाही, तासभर सोसत बसतो.

सामान : काळी शाई किंवा पातळ केलेला काळा पोस्टर कलर, गोल आणि जाडसर कुंचले, रद्दी वर्तमानपत्रं, शाई धरणारा थोडा खरबरीत कागद माणशी पाच, पाण्याची भांडी, फडकी, पेनं, पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं आणि एक घंटा. घंटा नसेल तर हलक्या हाताने वाजवलेली धातूची वाटी चालते. मोबाइलचा गजर नको. तो ऐकला की सगळ्यांना उशीर झाल्यासारखं वाटतं.

पायरी चौथी : कला, आणि तीही सुरुवातीलाच

लोक वर्गांतून, धावपळीतून येतात. त्यांना आल्या आल्या डोळे मिटायला लावलं की डोक्यातला गोंधळ दुप्पट वाढतो. हाताला काम दिलं की मन आपोआप हातामागे येतं. म्हणून आधी कला.

कोणती, यावर नवे आयोजक हमखास घसरतात, कारण त्यांनी कुठेतरी वाळूचं मंडल, म्हणजे रंगीत वाळूने काढलेली पवित्र आकृती, पाहिलेलं असतं. तिबेटी भिक्खू धातूच्या निमुळत्या नळीत रंगीत वाळू भरतात, तिच्या खरखरीत पाठीवरून दुसरी नळी घासतात, आणि त्या थरथरीने वाळूची बारीक धार पडत राहते. एक मंडल पुरं व्हायला कित्येक दिवस लागतात. मग ते झाडून, वाळू एकत्र करून वाहत्या पाण्यात सोडतात. यामागे वर्षानुवर्षांची तालीम आणि दीक्षा असते. तासाभरात त्याची नक्कल करायला गेलात तर हाती उरते रंगीत धूळ. मंडलाबद्दल सांगा, जमल्यास एखादं चित्र दाखवा, पण करायला घेऊ नका.

करायला घ्या एन्सो. झेन या जपानी बौद्ध परंपरेतलं हे शाईचं वर्तुळ, एका किंवा दोन फटकाऱ्यांत काढलेलं. साहित्य थोडं, सूचना चार, आणि चित्रकला येणारा-न येणारा दोघेही इथे सारखेच अडाणी ठरतात.

आधी रद्दीवर दोन-चार वर्तुळं काढून हात सैल करू द्या. मग चांगला कागद. कागद जमिनीवर किंवा सपाट पाटावर, कुंचला उभा धरायचा, मनगट न टेकवता. शाईत बुडवून भांड्याच्या कडेला एकदाच निथळायचा. श्वास आत घ्यायचा. सोडायला लागल्यावर कुंचला टेकवायचा आणि श्वास संपेपर्यंत खांद्यापासून हात फिरवत वर्तुळ पुरं करायचं. थांबायचं नाही, दुरुस्त करायचं नाही. जुळलं नाही तर उघडं राहू द्यायचं.

मग प्रत्येकाने आपल्या पाच वर्तुळांकडे शांतपणे पाहायचं. टेकवल्यावर विचार करत थांबलेल्याच्या कागदावर सुरुवातीलाच शाईचा गोळा पसरलेला असतो. घाई झालेल्या जागी रेष कोरडी पडून तिच्या आतून कागदाच्या पांढऱ्या शिरा दिसतात. एकदा एक मुलगा, गणितात फार हुशार, पाचही वर्तुळं एका विशिष्ट जागी चपटी काढत होता. स्वतःच निरखून म्हणाला, “इथे माझा श्वास संपतो, आणि मी तो ओढून ताणतो.” श्वासाबद्दल मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

वेळ उरला आणि गट शांत असला तर दुसरी एक कृती : सूत्र उतरवून काढणं. जपानमध्ये हृदयसूत्र हे छोटं बौद्ध सूत्र कुंचल्याने नकलून काढण्याची साधना आहे. मराठी वाचणाऱ्यांना याहून सोपी सोय आहे, कारण पाली देवनागरीत सहज लिहिता-वाचता येते. मेत्तसुत्त या मैत्रीवरच्या पाली सूत्रातली ‘सब्बे सत्ता भवन्तु सुखितत्ता’ ही एक ओळ पुरते. अर्थ सांगा : सगळे प्राणी सुखी असोत. ज्यांना नको असेल त्यांनी तोवर आणखी वर्तुळं काढावीत.

बक्षीस ठेवू नका. एकदा पाहुण्यांच्या आग्रहाखातर ‘सर्वोत्कृष्ट वर्तुळ’ निवडलं गेलं. पुढचा अर्धा तास बाकीचे 22 जण आपल्या कागदाची घडी करून खिशात लपवत होते.

पायरी पाचवी : चालणं, मग बसणं

कुंचले धुऊन झाले की थेट बसवू नका. पाय मोकळे करायला चंक्रमण घ्या, म्हणजे चालतं ध्यान. दहा-पंधरा पावलांची सरळ वाट, प्रत्येकाची वेगळी. टाच टेकली, तळवा टेकला, दुसरा पाय उचलला, एवढंच लक्षात घ्यायचं. टोकाला थांबून वळायचं. चाल नेहमीपेक्षा जराशी हळू. सिनेमातल्या स्लो मोशनसारखी नको, त्याने तोल जातो आणि हसू फुटतं. हसू फुटलंच तर फुटू द्या, दोन मिनिटांत थांबतं. एकूण दहा मिनिटं.

त्यानंतर आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे पाहणं. पहिल्या वेळी दहा मिनिटांहून जास्त नाही. मी साधारण असं सांगते :

“खाली किंवा खुर्चीवर, जसं सोयीचं असेल तसं बसा. पाठ सरळ, पण ताठ नको. डोळे मिटा, नाहीतर समोरच्या जमिनीवर नजर सोडा. श्वास मोठा करायचा नाही, लांबवायचा नाही. येतोय तसा येऊ द्या. तो कुठे जाणवतो ते पाहा, नाकपुड्यांशी, छातीत की पोटात. जिथे जाणवेल तिथेच थांबा. हवं तर मोजा : बाहेर गेला, एक, पुढचा बाहेर गेला, दोन, दहा झाले की पुन्हा एक. मन दुसरीकडे जाईल. गेलंय हे कळलं की परत एकपासून. श्वासाकडे पाहून घाबरल्यासारखं झालं तर तो सोडून द्या आणि तळवे जमिनीला कुठे लागलेत तेवढं जाणवू द्या.”

बस्स. यापुढे गप्प राहायचं. नव्या मार्गदर्शकाला शांतता सहन होत नाही आणि तो दर अर्ध्या मिनिटाला ‘सोडून द्या… हलके व्हा… समुद्राच्या लाटा…’ असं बोलत राहतो. लोकांना श्वास सापडलेला असतो, त्यात ह्या लाटा येऊन आदळतात. आणि ‘विचार थांबवा’ हे वाक्य कधीही उच्चारू नका. ते कुणालाच जमत नाही, आणि न जमलेला माणूस समजतो की ध्यान आपल्यासाठी नाही.

संपल्यावर “किती जणांचं मन भरकटलं?” असं विचारून आधी स्वतःचा हात वर करा.

आता दारापाशी बसवलेल्या माणसाचं काम. मागे काही भीतीदायक घडलेल्या माणसाला डोळे मिटून आत पाहणं जड जाऊ शकतं. श्वास जोरात चालणं, थरथर, थांबत नसलेलं रडणं, किंवा उलट, एकदम शून्यात लागलेली नजर, अशी काही चिन्हं दिसली तर त्याला हळूच नावाने हाक मारा, डोळे उघडायला सांगा, पाय जमिनीवर टेकवू द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारा, आणि हवं असेल तर बाहेर मोकळ्या हवेत घेऊन जा. न विचारता खांद्यावर हात ठेवू नका. “काय झालं होतं?” असं खोदून विचारू नका. तिथल्या तिथे “आणखी थोडं बस, निवळेल” असं तर मुळीच म्हणू नका. बोलण्यात स्वतःला इजा करण्याचा विषय आला तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच क्षणी समुपदेशकांना किंवा आपत्कालीन सेवेला फोन करायचा. गुप्ततेचं वचन अशा वेळी लागू नसतं, हे कार्यशाळेच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा. मानसिक आजारावर ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून यावं आणि औषधं परस्पर बंद करू नयेत, हेही तेव्हाच.

पायरी सहावी : आजाऱ्याचं कार्ड

आता कान शांत झालेले असतात. गोल करून बसा आणि महावग्गातली ती गोष्ट सांगा. वाचू नका, सांगा.

त्याच ठिकाणी पुढे दोन याद्या येतात, त्या फार कमी लोकांना माहीत असतात. कुठल्या आजाऱ्याची सेवा करणं सोपं जातं? जो आपल्याला मानवेल तेच करतो, त्यातलंही प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणं वाढलंय, कमी झालंय की तसंच आहे ते सेवा करणाऱ्याला खरं सांगतो, आणि वेदना सोसतो. आणि सेवा करायला योग्य कोण? ज्याला औषध तयार करता येतं, काय मानवतं आणि काय नाही हे कळतं, जो लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करतो, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायला किळसत नाही, आणि अधूनमधून चार चांगले शब्द बोलून आजाऱ्याला उभारी देतो.

हे ऐकवून झालं की जोड्या करा. प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं. प्रश्न एकच : मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा काय लपवलंत? ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘माझंही असंच’ म्हणायचं नाही. घंटा झाली की अदलाबदल. नको असेल त्याने “आज नको” म्हणायचं आणि दोघांनी मिळून गप्प बसायचं.

इथे खोली बदलते. ताप आला तरी घरी सांगितलं नाही. रात्रभर उलट्या झाल्या, पण शेजारच्याची परीक्षा होती म्हणून उठवलं नाही. झोप लागत नव्हती आणि सगळ्यांना सांगत होते की अभ्यास चाललाय. यादीतलं चौथं कलम, दुखणं खरं सांगणं, किती अवघड आहे हे तुम्हाला समजावून द्यावं लागत नाही.

मग कोरी कार्डं वाटा. वर लिहायचं : ‘मी आजारी पडलो/पडले तर’. खाली चार ओळी : कुणाला कळवायचं, कोणती औषधं चालू आहेत आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे, मला काय केलं की बरं वाटतं, काय केलेलं आवडत नाही. तिसऱ्या-चौथ्या ओळीला घाई करू देऊ नका. “खोलीत कुणीतरी नुसतं बसावं, बोलू नये.” “पांघरूण ओढून घेतलं म्हणजे एकटं सोडा असा अर्थ नाही.” “दर तासाला कसं वाटतंय विचारू नका.” अशी वाक्यं येतात. कार्ड आयोजकांनी गोळा करायचं नाही, ती माहिती तुमची नव्हे. ज्याचं त्याने आपल्या खोलीतल्या किंवा जवळच्या एका विश्वासू माणसाला द्यायचं आणि त्याचं मागून घ्यायचं.

शेवटी दोन मिनिटं मेत्ता, म्हणजे मनातून सदिच्छा देणं. आधी स्वतःला, मग समोरच्या जोडीदाराला, मग मागच्या महिन्यात जो आजारी होता आणि ज्याच्याकडे आपण गेलो नाही त्याला. ओळ तीच, सुरुवातीला काहींनी कुंचल्याने लिहिलेली. मनात म्हणायची, मोठ्याने नाही.

पायरी सातवी : नंतर

आभारप्रदर्शन लांबवू नका. अभिप्रायाच्या अर्जात दहा प्रश्न नकोत. ‘काय जड गेलं?’ आणि ‘पुन्हा बसायला याल का?’ हे दोन पुरेत.

दुसऱ्या प्रश्नाला हो म्हणणारे पाच जण निघाले तरी पुढचे चार आठवडे ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, वीस मिनिटांची बैठक ठेवा. दहा मिनिटं बसायचं, दहा मिनिटं एवढंच पाहायचं की या आठवड्यात कुणाला भेटून यायला हवं. व्याख्यान नाही, पाहुणे नाहीत. माझ्या एका गटात तिसऱ्या आठवड्याला दोघीच आल्या. त्यांना बसायचं नव्हतं, कारण एकीच्या मजल्यावरच्या मुलीला कावीळ झाली होती आणि जेवणाचा डबा कोण पोचवणार याची पाळी लावायची होती. त्या दिवशी बैठक तेवढीच झाली, जिन्यात उभ्या उभ्या.

जागा सोडण्याआधी कुंचले कोमट नाही, साध्या पाण्यात धुवा आणि टोक जुळवून आडवे वाळवा. उभे ठेवले तर पाणी मुठीत उतरून केस गळतात. वर्तुळांचे कागद ज्याचे त्याला द्या. सतरंज्या मोजून परत करा. एक नेहमी कमी भरते, आणि ती बहुतेक दारामागे असते.